रुजलेल्या दाताला काय ऐकू येते

दंतवैद्याकडे किस्से फार साठतात आणि त्याचे कारण, माझ्या मते, शुद्ध शारीरिक आहे. रुग्णाचे तोंड उघडे असते, पण त्याला बोलता येत नाही. मनात आलेले सगळे तो दाबून धरतो आणि चूळ भरली रे भरली की एकदम बोलतो. त्या पहिल्या वाक्यात माणूस जितका खरा असतो, तितका एरवी क्वचितच असतो. अशी वाक्ये आमच्याकडे फळीवरच्या दातांच्या साच्यांसारखी साठली आहेत. टाकवत नाहीत, आणि कोणते कोणाचे हे मात्र नेमके आठवते.

कृत्रिम दातांच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण संपवून मी पेणला आले. आठवड्यातले निम्मे दिवस पेणचे क्लिनिक, निम्मे दिवस रोह्याचे. दोन्हीकडे मदतीला निडीच्या निर्मलाताई. मी रुग्णांना मराठीत समजावते आणि मग निर्मलाताई त्याचे मराठीत भाषांतर करतात!

* * *

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा लहानसा स्क्रू. काही महिन्यांत हाड त्याला सर्व बाजूंनी धरते आणि मग त्यावर दात बसवतात. या क्रियेला 'अस्थिसंलग्नता' म्हणतात, असे मी हमरापूरच्या शेवंताकाकूंना सविस्तर सांगितले. काकूंनी निर्मलाताईंकडे पाहिले.

"रुजायला टाइम लागतो गो," निर्मलाताई म्हणाल्या.

काकूंना तो शब्द फार आवडला. "रुजू दे, रुजू दे," म्हणत त्या समाधानाने गेल्या. काही आठवड्यांनी तपासणीला आल्या त्या चेहरा पाडून.

"डॉक्टरबाय, घट्ट तर लागतंय. रुजलाय म्हणायचा. पण वर कायच येत नाय!"

"वर काय यायला हवं होतं?"

"दात!"

स्क्रूला कोंब फुटेल म्हणून काकू रोज सकाळी आरशात पाहत होत्या. मी निर्मलाताईंकडे वळले. त्या पाठ करून अवजारे पुसत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

* * *

तो दात शेवटी आम्हीच बसवला. काकूंच्या घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. सोंडेवरची बारीक नक्षी त्या स्वतः काढतात आणि त्या वेळी दुसरा ब्रश दातांत आडवा धरतात.

नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. दात त्या पडद्यावर जणू गादीवर बसतो. भातातला कण, माशाचा केसासारखा काटा, सगळे त्या गादीला कळते आणि किती जोराने चावायचे हे ती जबड्याला कळवते. इम्प्लांटला ही गादी नसते. तो थेट हाडात असतो. चावण्यात तो कमी पडत नाही, पण आपण किती जोर लावला याची बातमी हाडातून आणि स्नायूंतून, थोडी अंधूक होऊन, येते.

हे मी काकूंना आधीच सांगायला हवे होते, असे नव्हे, सांगितले होते. काकू पंधरवड्याने आल्या आणि पिशवीतून ब्रशचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"जुना दात विचारून चावायचा," त्या म्हणाल्या. "ह्यो विचारतच नाय!"

* * *

वसंतकाका आमच्या रोह्याच्या क्लिनिकचे रुग्ण. धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेले. शिफ्ट सांभाळून त्यांनी जन्मभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. लहानपणी कान सतत फुटत असल्यामुळे दोन्ही कानांचे पडदे गेलेले. त्यांच्याशी मोठ्याने बोलावे लागते. स्कूटर घसरली आणि वरचे पुढचे दोन दात गेले, म्हणून ते आले होते. सोबत पत्नी, मालतीकाकू. त्या जवळजवळ बोलतच नाहीत.

"काका, ऐकू येत नाही तर तुम्ही वाजवता कसं?" मी जवळजवळ ओरडून विचारले.

काकांनी दातांच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले. "यांनी ऐकायचो!"

त्यात काही चमत्कार नव्हता. क्लॅरिनेटची चोच, म्हणजे फुंकायचे टोक, वरच्या पुढच्या दातांना टेकते. तिचे कंपन दातांतून हाडात आणि हाडातून थेट आतल्या कानात पोहोचते. फुटलेल्या पडद्याची त्याला गरज पडत नाही. काकांना जगाचा आवाज दुरून येत असे, पण स्वतःची क्लॅरिनेट जवळून.

आधी कोणीतरी दिलेली काढघाल करायची कवळी त्यांनी लावून पाहिली होती. ती हलायची. "शेजारच्या घरात कुनीतरी वाजवतंय असं वाटतं," काका म्हणाले. मग शांतपणे म्हणाले, "माझे दात गेले नाय, डॉक्टरबाय. माझे कान गेले."

इम्प्लांटवरच्या दातांनीही ऐकू आले नाही तर क्लॅरिनेट बँडला देऊन टाकायची, असे त्यांनी ठरवले होते.

"येईल ना ऐकू?"

"मी आधी सांगू शकत नाही."

"व्हय म्हना ना. खोटं निघालं तर भांडायला येनार नाय!"

"नाही काका. तसं म्हणता येणार नाही मला."

मालतीकाकूंनी त्यांचा हात धरला आणि ओठ दिसतील असे समोर येऊन म्हणाल्या, "राहू द्या. त्यांना जेवढं ठाऊक, तेवढंच त्या बोलतात."

मला ते वाक्य कौतुकाचे वाटले की तक्रारीचे, हे मी अद्याप ठरवू शकलेले नाही.

* * *

काकांना दोन इम्प्लांट बसवले. हाड ते धरेपर्यंत वाट पाहण्याच्या महिन्यांत काका तपासणीला येत, तेव्हाही क्लॅरिनेटची पेटी मांडीवर असे. एकदा शेजारी सलीमभाई येऊन बसले. ते जवळच्याच गावचे, आखातात नोकरीला. सुट्टीवर आले होते. त्यांचा उजवीकडचा इम्प्लांट तिकडेच केलेला.

काकांनी थेट विचारले, "वाटतं का आपल्या दातासारखं?"

"नाय काका," सलीमभाई मोठ्याने म्हणाले. "थंड-गरम त्याला कायच कळत नाय. कुल्फी खाल्ली ना, की डावीकडे झिणझिण्या आणि उजवीकडे एकदम शांती! एका तोंडात दोन मोसम!"

काकांचा चेहरा उतरला. सलीमभाईंच्या ते लक्षात आले. घाईने ते पुढे म्हणाले, "पण एक हाय. चमचा त्याच्यावर आपटला, की सगळं डोकं वाजतं!"

मी पुढे झाले. एका रुग्णाच्या अनुभवावरून दुसऱ्याने निष्कर्ष काढणे योग्य नाही, असे म्हणण्यासाठी मी तोंड उघडले. पण काका तोवर उभे राहिले होते.

"भाई," ते म्हणाले, "मला डोकंच वाजायला हवं हाय!"

* * *

रोह्याहून पेणला दुपारच्या गाडीने परतताना मला हमखास डुलकी लागते. निडी येईपर्यंत निर्मलाताई बोलत असतात, त्या उतरल्या की गाडीत फक्त रुळांचा आवाज उरतो. त्या अर्धवट झोपेत मला वाटे, बाहेरच्या त्या सगळ्या गावांतून, माणसे भाकरी थापत असताना, मूर्तींना रंग देत असताना, त्यांच्या जबड्यांत हाड अगदी सावकाश स्क्रूच्या आट्यांमध्ये शिरते आहे. आवाज न करता. कोणाला न विचारता. आम्ही फक्त जागा करून दिली.

हाडाने काकांचे दोन्ही इम्प्लांट धरल्यावर ते मी प्रथमच ठोकून पाहिले. तोंडात घालायच्या छोट्या आरशाच्या दांड्याने दाताच्या जागी हलकेच टकटक करतात. नीट रुजलेला असेल तर आवाज खणखणीत येतो, शेजारच्या नैसर्गिक दाताचा त्याहून बोदा.

मी टकटक केली. काकांचे डोळे मिटलेले होते. ते तसेच पडून राहिले आणि चूळसुद्धा न भरता म्हणाले,

"कोन आलंय?"

* * *

दात बसवले त्या दुपारी क्लिनिकमध्ये आम्ही चौघेच होतो: काका, मालतीकाकू, निर्मलाताई आणि मी. खिडकीतून कुंडलिकेवरचा वारा येत होता आणि पडदा आत-बाहेर श्वास घेत होता. मी सूचना देत होते. सुरुवातीला थोडाच वेळ वाजवायचे. चोच दातांवर जोराने दाबायची नाही, कारण जोर कळणार नाही. चोचीवर रबराची पट्टी लावली तर अधिक बरे.

"गादी?" काकांनी विचारले. "नको. मध्ये काय नको."

त्यांनी पेटी उघडली. क्लॅरिनेटचे तुकडे एकेक जोडले. मालतीकाकूंकडे पाहिले. निडीच्या एका लग्नात, वरात निघताना, काकांनी जी चाल वाजवली होती, ती ऐकायला मालतीकाकू शेजारच्या अंगणातून बाहेर आल्या होत्या. त्यांचे सगळे पुढचे आयुष्य त्या चालीपासून सुरू झाले, असे निर्मलाताईंनी मला पूर्वीच सांगितले होते. काकांनी तीच चाल धरली.

पहिल्याच लांब सुरावर ते थांबले.

पुन्हा तोच सूर लावला. पुन्हा थांबले. मी हातातला आरसा खाली ठेवला.

"काका, ऐकू येत नाही का?"

"येतंय," ते म्हणाले. "लख्ख येतंय! डोक्यात दिवा लावल्यावानी येतंय! जुन्या दातांनीबी असं येत नव्हतं!" आणि मग त्यांचा आवाज चढला. "हा सूर खाली लागतोय! जलमभर मी ह्यो सूर खाली लावत आलो आनि एका मानसानं सांगितलं नाय!"

निर्मलाताईंनी तोंडावर पदर धरला. काकांनी ओठ आवळले, सूर किंचित वर चढवला आणि चाल पहिल्यापासून पुरी वाजवली. सूर आता जिथे असायला हवा तिथे होता. माझ्यासारख्या अजाण श्रोत्यालाही ते कळले. काका लहान मुलासारखे हसत होते.

मग ते मालतीकाकूंकडे वळले.

"काय गो, तुझे तर दोन्ही कान धड. तुला कळत नव्हतं?"

काकूंनी खिडकीकडे पाहिले. पडदा आत आला, बाहेर गेला.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "ती चाल तशीच हाय."

काकांनी त्यांच्याकडे पाहिले. क्लॅरिनेट पुन्हा उचलली, नव्या दातांना टेकवली, डोळे मिटले आणि तो लांब सूर सावकाश त्याच्या जुन्या जागी, किंचित खाली, नेऊन ठेवला.