पितृपक्षात गाणारा भाऊ

प्रशांत गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते, आठवीच्या वर्गावर. फोन आईचा होता. ती एवढंच म्हणाली, "सुमे, ये आता." कशाला ते विचारायची गरज नव्हती. भोकरदनला घरी पोचले तोवर ओसरी पांढऱ्या कपड्यांनी भरली होती. थोड्या वेळाने जालन्याहून त्याचे मित्र आले, सगळे काळ्या टी-शर्टात, आणि त्या टी-शर्टांवर कवट्या, हाडं, तोंडातून रक्त गळणारी कसली कसली जनावरं. आमचे थोरले काका दारातच आडवे आले. "मयतीच्या घरी असले कपडे घालून येत असतेत का रे?" पोरं गोंधळली. एकमेकांकडे पाहिलं, घरामागे गेली आणि टी-शर्ट उलटे घालून परत आली. शिवणी बाहेर, मानेमागची चिठ्ठी बाहेर... आणि भिंतीला टेकून ओळीने खाली बसली. त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांत शिस्तीत कुणी बसलं असेल तर ती पोरं.

प्रशांत माझा धाकटा भाऊ. नाव प्रशांत आणि धंदा गुरगुरण्याचा, यावरून मी त्याला आयुष्यभर चिडवलं. दिवसा तो जालन्यात एका लोखंडाच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसायचा आणि संध्याकाळी 'पडीक' नावाच्या बँडमध्ये गायचा. नदीकाठच्या आमच्या तुकड्यात कधी काही पिकलं नाही, त्यावरून त्याने हे नाव ठेवलं होतं. वडील हयात असते तर त्यांना ते मुळीच आवडलं नसतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हे मेटल नावाचं संगीत. गिटार आणि ड्रम यांचा गदारोळ चाललेला असतो आणि गाणारा घशाच्या तळातून गुरगुरत असतो. शब्द कळत नाहीत, आणि कळावेत अशी कुणाची अपेक्षाही नसते. मला ते गाणं कधी आवडलं नाही, आजही आवडत नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हणून खोटं कशाला सांगू? पण त्यात भाऊ होता, म्हणून त्याचं बरंवाईट मला ठाऊक असायचं. जालना, अंबड, परतूर इकडची मिळून चार-सहा टोळकी होती. एकमेकांचे ड्रम उसने घ्यायची, एकमेकांचीच गाणी ऐकायची. बाहेर फारसा कुणाला पत्ता नव्हता.

आम्हा शिक्षकांचा आवाज दरवर्षी शाळा उघडली की बसतो आणि आठवड्याभरात उठतो. त्यामुळे बसलेला आवाज मला दुरून ओळखू येतो. प्रशांत उन्हाळ्यात आखाजीला घरी आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. मी म्हटलं, ओरडून ओरडून झालं असेल. पोळ्याला आला तरी तसाच. उलट जास्तच खोल गेलेला, कडेने चिरलेला. रात्री जेवायला बसला तर प्रत्येक घासाला मान जराशी पुढे काढायचा. मी म्हणाले, "उद्या डॉक्टरकडं चल." तर हा हसला. "आक्का, लोक ह्या आवाजावर फिदा होऊन राह्यले अन् तू डॉक्टर काढली." मी पिच्छा सोडला नाही. रोज फोन. शेवटी वैतागून त्याने सौदा केला. "तू एकदा येऊन ऐक. बराबर समोर बसून ऐक. मंग म्हणशील त्या दवाखान्यात येतो." मी शब्द घेतला. त्याने दिला.

कार्यक्रम सर्वपित्री अमावास्येला होता. हे ऐकून आई आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. पण त्यामागे काही अघोरीपणा नव्हता, साधा हिशेब होता. या पोरांना कोण हॉल देणार? मंगल कार्यालयं तेवढी मोठी, आणि तीही कधी रिकामी, तर पितृपक्षात, कारण तेव्हा कुणी लग्न लावत नाही. म्हणून जालन्याच्या या पोरांचे सगळे मोठे कार्यक्रम पितृपक्षातच व्हायचे. बाहेरगावचे लोक याला त्यांचा बाणेदारपणा समजत आणि पोरंही समजू देत. मी निघाले तेव्हा आई म्हणाली, "त्याला म्हणावं, आजच्या दिवशी तरी जिवंत माणसासारखा आवाज काढ." मी ते त्याला सांगितलं नाही.

कार्यालय गावाबाहेर, भोकरदन रस्त्यालाच. मी पोचले तेव्हा दिवस कलला होता. कंपाउंडच्या भिंतीवर कार्यालयवाल्यांनी दुपारी कावळ्यांसाठी ठेवलेली पानं तशीच होती. भात वाळला होता, वड्यावर मुंग्या चढल्या होत्या, आणि कावळे समोरच्या लिंबावर बसून होते. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी तिथे उभी राहिले, हेही खरं. आत स्टेजवर प्लॅस्टिकच्या फुलांची कमान तशीच, नवरा-नवरीच्या दोन लाल खुर्च्या कडेला ढकललेल्या आणि त्यांच्यावर गिटारींच्या पिशव्या. 'वधू पक्ष' लिहिलेल्या खोलीत पोरं डोळ्यांभोवती काजळ फासत होती. प्रशांतने मला पाहिलं, हात केला, पण बोलला नाही. त्याचा मित्र अझहर, बँडचा ड्रमवाला, मला खुर्ची देत म्हणाला, "आक्का, दोन दिवसांपासून त्यानं बोलणं बंद केलंय. आवाज राखून ठेवून राह्यला आजच्यासाठी."

आधी तीन बँड झाले. पहिला 'राखुंडी', मग 'लोडशेडिंग', मग परतूरच्या पोरांचा 'मसणवटा'. नावं ऐकून मी हसले होते, पण आवाज सुरू झाला आणि हसणं राहिलं. खुर्चीचे पाय थरथरत होते, छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी हलत होतं. शंभरेक पोरं माना खाली-वर झटकत एकमेकांवर आदळत होती. कुणी पडलं की चार हात येऊन त्याला उचलत होते, ते मात्र मला फार आवडलं. तिन्ही गायकांचं मी नीट कान देऊन ऐकलं. तिघंही आवाज काढत होते, म्हणजे मुद्दाम, शिकून, पोटातून जोर लावून. गाणं संपलं की लगेच साध्या आवाजात "थँक्यू जालना" म्हणत होते. ते ऐकून मला जरा धीर आला. हा सगळा खेळ आहे, प्रशांतचंही असंच असेल, असं वाटलं.

मग 'पडीक'. दिवे गेले, फक्त कमानीवरची लग्नाची लाल माळ राहिली. प्रशांत पुढे आला, माईक तोंडाशी धरला... आणि जो आवाज आला तो काढलेला नव्हता. तो आपोआप येत होता. त्याने तोंड उघडलं की आवाज हजर, जोर लावायची गरजच नाही. मध्येच तो चिरायचा, दोन आवाज एकाच वेळी बाहेर पडायचे, आणि पोरं वेडी व्हायची. माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा रडत होता. "बाप आवाज," म्हणत होता, "बाप आवाज." 'मसणवटा'च्या गायकाने तर स्टेजवर चढून प्रशांतचे पाय धरले. मी मात्र दोन ओळींच्या मधली जागा ऐकत होते. श्वास घेताना एक बारीक शिट्टी वाजत होती, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. पोळ्याच्या रात्री शेजारच्या खोलीतून मी हीच शिट्टी ऐकली होती. एवढ्या माणसांत मी घाबरून हाताची बोटं मोडत बसले होते, आणि माझा भाऊ इतका आनंदात मी कधीच पाहिला नव्हता. त्याच्या आनंदाची मला भीती वाटली.

कार्यक्रम संपल्यावर रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेतला. मी म्हणाले, "ऐकलं मी. आता उद्या चल." त्याने कप खाली ठेवला. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "आक्का, डॉक्टर गोळ्या देईल अन् हा आवाज जाईल. किती वर्षं मी असा आवाज काढायला धडपडलो. आता कुठं आला. दिवाळीनंतर पुण्याला रेकॉर्डिंग हाय, तेवढं होऊ दे. मंग बिलकुल येतो." मी चिडले, रडले, शब्दाची आठवण दिली. अझहर मध्ये पडला, "जाऊन ये ना बे, काय बिघडतंय?" प्रशांत म्हणाला, "बरा झालो तर मी बाकीच्यांसारखाच व्हईन." आवाज बसला की गाणारा घाबरतो, मीठ-पाण्याच्या गुळण्या करतो, डॉक्टर गाठतो. भजनी असो, तमाशातला असो. या एकाच गाण्यात आवाज बसला की टाळ्या पडतात.

रेकॉर्डिंग झालं. मग संभाजीनगरला घशात दुर्बीण घातली आणि कॅन्सर निघाला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "गाण्यामुळं झालेलं नाही हे. गाण्यामुळं लपलं." भेटायला येणारे अजूनही विचारतात, तंबाखू खायचा का, गुटखा खायचा का. नाही हो, तो सुपारीसुद्धा खात नव्हता. 'नाही' म्हटलं की त्यांचे चेहरे उतरतात, कारण मग हे कुणालाही होऊ शकतं. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. गळ्याला भोक, त्यातून श्वास. आवाज ना गाण्याचा उरला ना बोलण्याचा. काही हवं असलं की मोबाइलवर लिहून दाखवायचा. आईला मोबाइलवरचं वाचता येत नाही, म्हणून तिच्याकडे तो नुसता बघायचा, आणि तिला बहुतेक वेळा कळायचं. पुढे ते मानेतून फुप्फुसात उतरलं. शेवटचे दिवस मला लिहायचे नाहीत.

मागच्या रविवारी अझहर आला. त्या अमावास्येच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण त्याच्याकडे होतं, स्टेजवरच्या मशिनीतून थेट घेतलेलं. पुण्याचं रेकॉर्डिंग साफसूफ केलेलं आहे म्हणे, हे कच्चं. मला वाटलं, आई घरात नसताना ऐकू. पण ती ओसरीवर डाळ निवडत बसली होती. म्हणाली, "लाव. मी कधी ऐकलंच न्हाई." अझहर माझ्याकडे पाहायला लागला. मी मान हलवली. फोन चौरंगावर ठेवला आणि तो आवाज आमच्या घरात सुरू झाला. आईची बोटं ताटात फिरत राहिली. चेहऱ्यावर काही नाही. एक गाणं संपलं, शिट्ट्या, आरडाओरडा... आणि त्या कल्लोळाखाली, माईकपासून तोंड फिरवून बोललेलं, अगदी बारीक ऐकू आलं, "अझहर, पाणी दे ना बे. गळा फाटून राह्यला." अझहरने मान खाली घातली. त्याच्या कानांत त्या वेळी नुसते ड्रम घुमत होते, त्याला हे ऐकूच गेलं नव्हतं. तिथे कुणालाच गेलं नव्हतं. पुढच्या गाण्याचे चार ठोके पडले आणि प्रशांत पुन्हा गायला लागला.

आईने ताट बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. माठावरचं झाकण वाजलं. ती तांब्या भरून बाहेर आली आणि उंबऱ्यापाशी थांबली. मला तिच्याकडे बघवेना. फोनमध्ये तो गातच होता, पोरं ओरडतच होती. थोड्या वेळाने ती पुढे आली, तांब्या फोनशेजारी चौरंगावर ठेवला आणि पुन्हा डाळ निवडायला बसली.