मामींना दाखवलेला अर्धा पिक्चर

"पब्लिक बोलत भायेर आलं की पिच्चर पडला. गप आलं की चालला," असं आमचे मामा म्हणायचे. शो सुटताना बॅटरी काखेत धरून ते दाराचा पडदा सारायचे आणि पहिल्या दहा चेहऱ्यांवर पिक्चरचा निकाल लावून मोकळे व्हायचे.

मामा म्हणजे कुणाचेच सख्खे मामा नव्हेत. सोलापुरात नाव माहीत नसलेला पन्नाशीपुढचा माणूस मामाच असतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ते आमच्या टॉकीजचे डोअरकीपर, वळसंगहून एस.टी.नं यायचे. मी तिकीट खिडकीवर. माझे वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. त्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. माझ्या पदवीचा मामांना माझ्याहून जास्त तोरा. कुठलाही कागद आला की खिडकीतून आत सरकवायचे. "तुमी शिकलेल्या, ताई. वाचा की."

एकदा दवाखान्याचा कागद आला. मामांची थोरली लेक वैरागला दिलेली. नऊ वर्षं मूल नाही. दोनदा राहिलं आणि गेलं. दिवाळीला माहेरी यायची ती अंधार पडल्यावर, म्हणजे गल्लीतल्या बाया ‘काय विशेष?’ म्हणून विचारायला नकोत. डॉक्टरांचं म्हणणं असं, की बीज तिचंच घेता येईल, पण गर्भ तिच्या पिशवीत टिकणार नाही. दुसऱ्या कुणी पोटात वाढवला तर मूल होईल. धाकटी बहीण, एका मुलाची आई, ऐकल्या ऐकल्या म्हणाली, "मी वाढवते." तिचा नवराही तयार झाला.

अडून बसल्या त्या मामी. आणि आईनं हो म्हटल्याशिवाय दोघी लेकी पाऊल टाकायला तयार नव्हत्या.

मी मामांना सगळं समजावून सांगितलं. ते खूश झाले. "म्हंजे कांद्यावानी! बी थोरलीचं, वाफा धाकटीचा. कांदा कुणाचा? ज्याचं बी त्याचा!" हे त्यांनी घरी जाऊन मामींना ऐकवलं. मामींनी एवढंच विचारलं, "आन् नऊ म्हैने पाणी पाजलं, तिचं काय?"

दुसऱ्या दिवशी मामा उत्तर मागायला माझ्या खिडकीशी आले. बी.कॉम.ला तो विषय नव्हता.

त्याच आठवड्यात तो हिंदी पिक्चर लागला. पोस्टरवर एक पुरुष, दोन बाया आणि एक बाळ. मामा पळतच आले. "ताई, ह्यो आपल्या घरचाच पिच्चर हाय की!"

होता, पण निम्माच. श्रीमंत जोडप्याला मूल होत नाही, एक गरीब मुलगी त्यांचं बाळ पोटात वाढवायला तयार होते, इथपर्यंत ठीक. पुढं ती बंगल्यात राहायला येते, डोंगरावर दोन गाणी होतात आणि नायक तिच्याच प्रेमात पडतो. शेवटी ती बाळ देऊन रडत निघून जाते.

ह्या पिक्चरनं मामांचा हिशेब पार चुकवला. पब्लिक नुसतं बोलत नव्हतं, भांडत बाहेर येत होतं. कॉलेजच्या पोरी म्हणत होत्या, तिनं बाळ द्यायलाच नको होतं. त्यांच्या आया म्हणत होत्या, शब्द दिला म्हणजे दिला. एक नवराबायको तर पार्किंगमध्ये गाडी काढायची सोडून अर्धा तास भांडले. पुरुषांचं मत एकच, गाणी चांगली आहेत. मामांनी पहिल्याच दिवशी "पडला" म्हणून जाहीर केलं. पण भांडून गेलेली बाई दुसऱ्या दिवशी जावेला घेऊन यायची, कोण बरोबर ते ठरवायला. पिक्चर दुसऱ्या आठवड्यात गेला.

तेव्हा मामांनी मामींना राजी करायचा बेत केला. दारात उभं राहून सगळा पिक्चर पाठ झाला होता. बुधवारी मॅटिनीला मामींना आणलं आणि अगदी दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. डोंगर दिसला की मामा हजर. "ऊठ, चहा घिऊ."

"आत्ता तर बसले की!"

"थंड हुतोय."

दोन गाण्यांना दोन चहा, मिठी मारायच्या सीनला भजी. तिसऱ्या चहाला मामी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "पिच्चर बरा हाय, पर चहा लई हाय गं ह्यात."

शो सुटला. मामींचा चेहरा निवळला होता. जोडपं भलं, पोरगी गुणाची, बाळ ज्याचं त्याला मिळालं. मामांनी मला लांबूनच बॅटरी उडवून दाखवली. जमलं!

मग मामी बायकांच्या बाथरूमच्या रांगेत उभ्या राहिल्या. तिथं नेहमीचं भांडण चाललेलं.

"त्या नवऱ्याला जोड्यानं हाणायला पायजे."

"प्रेम काय सांगून हुतंय व्हय?"

मामींनी विचारलं, "कुठलं प्रेम?"

दोन्ही बाजूंच्या बायांनी मिळून सांगितलं. सविस्तर.

मामी बाहेर आल्या त्या पदर खोचूनच. "मला अर्धाच पिच्चर दावला व्हय? म्हंजे लेकीच्या घरात असं हुईल, हे तुमाला म्हाईत हाय! म्हणून लपवलं!" आणि एकट्याच स्टँडवर निघून गेल्या.

मामा पायरीवर बसले. पुढच्या शोची माणसं यायला लागली तरी उठले नाहीत. "ताई," ते म्हणाले, "मी शाणपणा केला आन् लेकीची वाट बंद केली. आता तिची आई कशालाच हो म्हणत न्हाय." त्या दिवशी कोण कुठं बसलं, कुणीच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो पिक्चर उतरणार होता. मॅटिनीला खिडकीत एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा. मामी.

"एक द्या. दाराजवळची नको."

त्या मधल्या रांगेत जाऊन बसल्या. मामा तीन तास दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. चहा विचारायची हिंमत झाली नाही. पब्लिक भांडत बाहेर आलं, मामी सगळ्यात शेवटी.

"खुळा पिच्चर हाय," त्या म्हणाल्या. "ती पोरगी परकी, म्हणून तिला जावं लागलं. आपली कुटं जाणार हाय? पाणी पाजलं तिचं काय, म्हणून मी ईचारत हुते. जल्मभर लेकरू तिला मावशी म्हणंल. त्येवडं बास हाय."

मामी पुढं म्हणाल्या, "आन् दवाखान्यात मला सगळं सांगायचं. मधनं चहाला उठवायचं न्हाय."

त्यानंतर कागदच कागद झाले. दवाखान्याचे, कोर्टाचे, प्रतिज्ञापत्रं. सगळे मी वाचले, अर्ज मी लिहिले, आणि एकही परत आला नाही.

मामा आता टॉकीजवर नसतात. बोलावलं तर म्हणतात, "येळ कुटं हाय, ताई?" मामींना घेऊन ते वैरागलाच राहिलेत. थोरलीला मुलगी झाली. धाकटी ठणठणीत आहे, बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात परत कामावर गेली. ह्या दिवाळीला मामा-मामींबरोबर थोरली लेकीला कडेवर घेऊन माहेरी वळसंगला आली, भर दुपारी.