उकिरड्यावरचा दिवा

सोजराबाईंना नातू झाला तो मलकापूरला, सुनेच्या माहेरी. बारशाहून आल्यावर त्यांनी आमच्या माळीपुऱ्यात घरोघर त्याचं वर्णन केलं. नाक त्यांच्या स्वर्गवासी मालकांचं, भूक मात्र खुद्द सोजराबाईंची. सव्वा महिन्यानंतर मुलगा तुळशीराम बायकोला आणायला गेला आणि एकटाच परत आला.

व्याही पुंजाजी कापसाच्या जिनात मुकादम, बोलायला रोखठोक. त्यांनी सांगितलं होतं, "जावईबापू, पोरगी तुमचीच हाये. पन मागच्या पावसाळ्यात ते हगवणीनं वाळून माह्या घरी आली. तुमच्या गल्लीत मानसं राह्यतात का माश्या, तेच समजत नाई. पावसाळा निघू द्या. दिवाळीच्या पाडव्याले मी येतो, गल्ली पाह्यतो, मंग लेकराचं सांगतो."

तुळशीराम रागानं धुमसत होता. सोजराबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. जुडी पूर्ण बांधून त्या म्हणाल्या, "खोटं काय बोलला तो मानूस?"

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. आमचे हे धामणगाव बढ्याच्या शाळेत मास्तर, आणि बिऱ्हाड माळीपुऱ्यातल्या त्याच गल्लीच्या टोकाला. ही गल्ली रुंद आहे असं जुनी माणसं सांगत. मला ती तशी कधी दिसली नव्हती. प्रत्येक दारासमोर त्या घराचा उकिरडा. गोठ्यातलं शेण, राख, पाला वर्षभर तिथं पडायचा. उन्हाळ्यात गाड्या भरभरून मळ्यात जायच्या आणि पाऊस पडला की ढीग पुन्हा सुरू. भाजी पिकवणाऱ्यांची सगळी भिस्त त्या खतावर, म्हणून ते डोळ्यांपुढे हवं. गल्लीच्या तोंडाचा ढीग सोजराबाईंचा, सगळ्यांत मोठा. तो उचलल्याशिवाय बैलगाडी आत शिरत नसे.

त्या उन्हाळ्यात त्यांनी तो उचलला आणि जागा झाडून घेतली. मग मला सोबत घेऊन सरपंच भगवंतरावांकडे गेल्या. भगवंतरावांनी नाल्यापलीकडची पडीक जागा खतखड्ड्यांसाठी दिली. म्हणाले, "गल्ली मोकळी करून दाखवा बाई, मंग मुरूम टाकू."

खरी लढाई घरोघरची होती. बायका म्हणाल्या, रोज नाल्यापलीकडे शेणाचं टोपलं डोक्यावर कोण नेईल? सोजराबाईंना हे आधीच कळलेलं होतं. त्यांचंही डोकं तेच, टोपलंही तेच. त्यांनी तोड काढली. गल्ली मोकळी झाली की गाडी आत येईल. सकाळी ज्याची गाडी मळ्यात जाते, तिच्यात सगळ्यांची टोपली जातील, पाळीपाळीनं.

पुरुषांना भीती खत चोरीला जाण्याची. त्यावर त्यांनी आपला खड्डा वाटेला लागून, सगळ्यांत पुढे खणून घेतला. "चोर आला त पयले माह्यं नेईन," म्हणाल्या. "तंवर तुमी जागे व्हा."

शेवटी उरले त्यांचे चुलत भासरे, म्हणजे मालकांचे थोरले चुलतभाऊ, रंगराव. भासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. त्यामुळे सगळं भांडण रंगरावांच्या बायकोला, कौशल्याबाईंना मध्ये बसवून चालायचं.

"तिले म्हना, नातवासाठी सारा पुरा हलवून राह्यली."

"जाऊबाई, भासऱ्यायले म्हना, हाव, नातवासाठीच. पन माशी का घर पाहून बसते?"

कौशल्याबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत आणि निरोप पोचवायचे कष्ट घेत नसत.

शेजारच्या ढिगांवाचून एकट्याचा ढीग केविलवाणा दिसू लागला, तेव्हा रंगरावांनीही खड्डा घेतला. पावसाळ्यात टोपल्यांच्या पाळ्या चुकल्या, एकदा दोन घरांत बोलाचालीही झाली. सोजराबाई पावसात इरलं घेऊन गाडीमागे चालत आणि सांडलेलं उचलत. मुरूम पडला. गल्लीतल्या निंबाखालची जागा मोकळी झाली, तशा बायका तिथं बसून जुड्या बांधू लागल्या. त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवून स्वयंपाक केला.

आणि दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला उकिरड्यावर दिवा लावायची आमच्याकडे रीत आहे. दुपार कलली आणि रंगरावांनी टोपलंभर शेण आणून जुन्या जागी ओतलं, दिव्याला बैठक म्हणून. ते पाहून समोरच्यांनी ओतलं, मग पलीकडच्यांनी. कुणाच्या मनात वाकडं नव्हतं. पण दिवा लावला की ते शेण लक्ष्मी, ते दुसऱ्या दिवशी कोण उचलणार? आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता.

तुळशीराम फावडं घेऊन निघाला. सोजराबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. तोंड धुतलं, ठेवणीतलं लुगडं नेसल्या, दिवा लावला आणि पदराच्या आडोशानं धरून गल्लीतून निघाल्या. निंबाजवळ कौशल्याबाई उभ्या होत्या.

"कुठी चालली वं?"

"लक्ष्मी नाल्यापलीकडे गेली, जाऊबाई. मी इथी दिवा लावू त कोनाले?"

त्या थांबल्या नाहीत. मी माझ्या दारातून बघत होते. त्यांची पाठ नाल्याकडे उतरली, आणि त्या एकट्याच परत येतील की काय या धास्तीनं मी चप्पल पायात घातली. तेवढ्यात कौशल्याबाईंनी खाली वाकून जुन्या जागेवरचं शेण टोपल्यात भरलं, वर आपला दिवा ठेवला आणि चालू लागल्या. मागून एकेक बाई निघाली.

"तिथी वाऱ्यानं विझतीन ना दिवे," रंगराव ओट्यावरून कुरकुरले. पण थोड्या वेळानं फुटक्या माठाची खापरं काखेत घेऊन तेही नाल्यावर आले आणि दिव्यादिव्याला आडोसा लावत हिंडले. सोजराबाईंचा खड्डा सगळ्यांत पुढे, म्हणून वारा तिथं जास्त. तिथं त्यांनी दोन खापरं लावली.

पाडव्याला मोटारीनं पुंजाजी आले, लेकीला आणि नातवाला सोबत घेऊनच. तरी स्टँडवर बैलगाडी घेऊन आलेल्या तुळशीरामला त्यांनी बजावलं, "गल्ली पाहीन, मंगच पोरगी गाडीतून उतरीन." ते गाडीच्या पुढे चालत आले, दोन्ही बाजूंना बघत. निंबाखाली थांबले. गाडी थेट दारापर्यंत आली. त्यांनी मान हलवली आणि त्यांची लेक पुष्पा उतरली.

सोजराबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, नातवाला कडेवर घेतला, आणि त्याच वेळी बैलानं दारासमोर शेणाचा पो टाकला.

"धरा व्याहीबुवा." बाळ पुंजाजींच्या हातात देऊन त्यांनी टोपलं उचललं.

"आजच्या दिवस राहू द्या म्हना," रंगराव पलीकडून म्हणाले. "सकाळी गाडी येतेच."

"जाऊबाई, भासऱ्यायले म्हना, आजच्याच दिवसानं उकिरडा सुरू होते."

त्या टोपलं घेऊन नाल्याकडे निघाल्या. पुंजाजी नातवाला घेऊन दारात उभे होते, आणि पुष्पानं तोवर आपली ट्रंक आत नेली होती.