दार लावून शिकवणी

सरांनी कपाटातून सुगंधी फवाऱ्याचा डबा काढला आणि फवारा माझ्यावर मारला. बाकावर नाही, भिंतीवर नाही. माझ्या अंगावर. मान, पाठ, पदर. गुलाबाचा वास होता. म्हणाले, "रुग्णाला आधीच मळमळत असतं. त्यात तुम्ही."

वर्गातल्या बाया हसल्या.

मी एकेचाळीस वर्षांची बाई. तीन पोरांची आई. बाजारात कुणी माझ्या सुरमईला शिळी म्हटलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. रेवदंड्यात कुणालाही विचारा. आणि तिथं मी काय केलं? मीपण हसले. दात काढले. आजही आठवलं की आधी मला माझा राग येतो, सरांचा नंतर.

चौलला रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा वर्ग निघाला होता. शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या बायांसाठी, सरकारी योजनेतला. शिकायचं, दाखला घ्यायचा, अलिबागला दवाखान्यात कामाला लागायचं. माझे गुडघे गेलेले. डोक्यावर टोपली घेऊन आणखी किती वर्षं फिरणार? मला तो दाखला हवा होता, बस.

सर तिथले सर्वेसर्वा. नारळी-पोफळीची मोठी वाडी त्यांची, वर्ग त्यांच्याच जागेत. पाहुणे आले की आम्ही "आमच्या भगिनी". पाहुणे गेले की "ए, मागची".

माझ्यासोबत शेजारची सुमन यायची. सत्तावीस वर्षांची. लहानपणी ताप मेंदूत गेला, तेव्हापासून तिला सगळं उशिरा कळतं. पण कळलं की पक्कं. हात कसे धुवायचे ते वर्गात शिकवलं, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटापर्यंत. आम्ही सगळ्या दोन दिवसांत विसरलो. सुमन नाही विसरली. तिची आई पहिल्या दिवशी मला म्हणाली होती, "तू हायस म्हनून धाडते गो तिला." मी म्हटलं, "काय काळजी नको."

प्रॅक्टिकल सरांच्या घरी असायचं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. अर्धा तास म्हातारीचं अंग पुसायचं, कूस बदलायची, मग अंगणात सुपारीचा ढीग. सोला. नखं दुखून यायची. संध्याकाळी वहीत सरांची सही: रुग्णसेवा, चार तास. सुपारीला कसला ताप आला होता देव जाणे. एका बाईनं विचारलं, तर तिची आठ दिवसांची हजेरी कापली. हजेरी कापली की दाखला नाही. मग सगळ्या गप्प. खाली मान घालून सोला सुपारी.

दिवाळीनंतर सरांनी सुमनला जादा शिकवणी सुरू केली. दर गुरुवारी, वर्ग सुटल्यावर, त्यांच्या ऑफिसात. मला बरं वाटलं. चला, कुणीतरी पोरीकडे बघतंय. मी बाहेर पायरीवर बसून वाट बघायची.

तिसऱ्या गुरुवारी परत येताना रिक्षात सुमन म्हणाली, "वयनी, मी आता त्यांच्याकडं जानार न्हाय."

"का गो?"

"सर दार लावतान. हात लावतान. मना न्हाय आवडत."

आता मी काय बोलले ते ऐका. मी म्हटलं, "अगं, शिकवताना लागतो हात. सही अडवली तर काय करशील? जा गपचूप."

हे मी बोलले. मी. गिऱ्हाईक नाराज करायचं नाही, ही धंद्यातली सवय. सरांना मी गिऱ्हाईकासारखं जपत होते. पुढच्या गुरुवारी सुमन आत गेली ती मी सांगितलं म्हणून गेली.

त्या संध्याकाळी तिच्या आईनं मला हाक मारली. "बघ गो, ही काय करते." सुमन मोरीत बसली होती. हात धुत होती. शिकवलं होतं तसे, बेचक्यांतून, नखांखालून, पुन्हा पहिल्यापासून. साबणाची वडी झिजून नखाएवढी झाली होती. कातडी लाल. "बस कर," म्हटलं तरी थांबेना. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. मी तिला काय सांगून आत पाठवलं, तेही सांगितलं. ती उठली आणि सुमनचे हात पदरानं पुसायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्गात दारामागे तक्रार पेटी होती. योजनेच्या नियमानं लावलेली, लाल रंगाची, कुलूपबंद. मला वाटलं, सरकारी पेटी आहे, चावी सरकारकडे असणार. दुसऱ्या दिवशी मी चार ओळी लिहिल्या. सुमनचं नाव, माझं नाव, सरांचं नाव. घडी करून टाकली.

सोमवारी सर वर्गात आले. खिशातून जुडगा काढला. त्यातली एक बारकी चावी पेटीला लावली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते मी उघड्या डोळ्यांनी बघितलं. चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर वाचली. मोठ्यानं. नावासकट. हजेरी कापू नये म्हणून मी सुमनला वर्गात आणलं होतं; ती पुढच्याच बाकावर बसलेली.

वाचून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "सुमन सज्ञान आहे. ही काय बालवाडी आहे का, पोरं सांभाळायला? तिला काही अडचण असेल तर ती बोलेल. बोल सुमन."

सुमननं मान खाली घातली. हात मांडीखाली दाबून धरले.

"बघा. काही नाही," सर म्हणाले आणि एक कागद फिरवला. "आमची संस्थेबद्दल कोणतीही तक्रार नाही." खाली सह्यांच्या रेघा. पुढच्या आठवड्यात तपासणी होती. सही करेल तिला महिनाअखेर दाखला.

पेन फिरू लागलं. एकीनंही डोकं वर केलं नाही. प्रत्येकीच्या घरी काही ना काही अडलेलं होतं, मला माहीत होतं. तरी राग यायचा तो आलाच. शेजारची कुजबुजली, "कर गो सही. तुझं काय जातंय?"

कागद माझ्यासमोर आला. सहा महिन्यांची मेहनत त्या रेघेवर होती. सहा महिने सोललेली सुपारी होती. मी पेन बाकावर ठेवलं.

"मी सही करनार न्हाय."

"मग दाखला विसरा."

"विसरले. आनि सुमन तुमच्या खोलीत जानार न्हाय. आज न्हाय, कधीच न्हाय."

सर हसले. "शिकायची लायकी नाही तुमची. जा, मासळी विका."

"विकते. भर बाजारात विकते. तुमच्यासारखं दार लावून न्हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. मी सुमनचा हात धरला आणि बाहेर पडले. रस्त्याला लागेपर्यंत ताठ चालले. मग मी रडले. भीतीनं नाही. एवढं बोलायला मला सहा महिने का लागले, म्हणून.

आता वाटेल की इथं निवाडा झाला. कसला निवाडा!

मी, सुमन आणि तिची आई, आम्ही तिघी पोलीस चौकीत गेलो. तिथं म्हणाले, "सज्ञान आहे ना ती? मग आधी का नाही बोलली?" योजनेच्या ऑफिसात गेलो. म्हणाले, "त्या खिडकीवर जा." त्या खिडकीवरचा म्हणाला, "शिकणाऱ्याचा अर्ज संस्थेमार्फत यायला लागतो. सरांची सही आणा." सरांच्या विरुद्धच्या अर्जावर सरांची सही! मी विचारलं, "भाऊ, शुद्धीवर हायस ना?" त्यानं खिडकी लावली. गावात निराळंच. कुणी म्हणे, मोठ्या घराशी वैर कशाला? कुणी म्हणे, तिला बिचारीला काय कळतंय!

पाचव्या खेपेला योजनेच्या ऑफिसात एक मॅडम भेटल्या. अर्ज घेतला, जबाब लिहायला बसल्या. सुमनला अगदी सावकाश, बाळाशी बोलावं तसं विचारलं, "तू काय सांगतेस ते तुला समजतं का?"

"समजतं," सुमन म्हणाली. "मी न्हाय म्हनलं. सरांनी न्हाय ऐकलं."

मॅडम लिहीत होत्या. सुमननं माझ्याकडे बघितलं.

"वयनीला पन सांगितलं. वयनीनं पन न्हाय ऐकलं."

मॅडमचं पेन थांबलं. त्या म्हणाल्या, "हे वगळू या. तुमच्यावरच येईल."

"वगळायचं न्हाय," मी म्हटलं. "ती बोलली तसं लिहा. माझं नाव घालून लिहा."

त्यांनी लिहिलं. सरांच्या नावाखाली माझं नाव आहे त्या कागदात. राहू दे. खरं आहे ते. सज्ञान बाई न्हाय म्हणाली, तिथं विषय संपतो, हे मला कळायला उशीर झाला. मला जे भोगायचं ते मी भोगेन. पण सरांनाही सोडणार नाही.

चौलला दुसरी तुकडी सुरू झाली आहे. नव्या बाया, सरांचं तेच ऑफिस. आमचा कागद अजून मॅडमच्या टेबलावरच. मॅडम म्हणतात, वेळ लागेल. लागू दे. कागद हलेपर्यंत मी त्या टेबलासमोर बसणार आहे. कुणाची छाती असेल त्यानं मला उठवून दाखवावं.