माझ्या मायनं हात जोडले नव्हते

माझे केस त्याच्या मुठीत. मान मागं ओढलेली. गुडघे सोललेले. आणि डायरेक्टर म्हणतो, "छान! पुन्हा एकदा करू."

माझ्या मायवर टीव्हीसाठी सिनेमा बनत होता. माय लाखांदूरकडच्या आमच्या गावातली ढिवरीण. मासे विकायची. ढिवरांनी ग्रामसभेत खाली बसायचं, असा रिवाज. तिनं मोडला. खुर्चीवर बसली. गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पोरानं केस धरून तिला फरफटत बाहेर काढलं. मी लहान होते, तिच्या पदराला धरून होते. त्याच दिवसापासून तिची लढाई सुरू झाली, ती तलावातल्या मासेमारीच्या हक्कापर्यंत गेली. माय मेली, आणि मग शहरातून कॅमेरे आले.

हिरोइनला फरफटायचं कसं? म्हणून तिच्या जागी मला उभं केलं. "रंग जुळतोय," मेकअपवाला म्हणाला. माझ्याशी नाही, डायरेक्टरशी. तरी मी हो म्हटलं. मायचं काम आहे, वाटलं.

केस धरायला मात्र त्यांनी गावातलाच माणूस घेतला. ज्यानं मायला ओढलं, त्याचाच पोरगा.

कॅमेऱ्यासमोर तो दात-ओठ खायचा. ते नाटक. पण मूठ खरी होती. खाली वाकला की कानात बोलायचा, "काहून वो, लागलं का? तुया मायले बी असंच लागलं असन."

चारी बाजूंनी दोर बांधलेले. दोराआड आमचा अख्खा मोहल्ला, बघ्यांचं काम करायला बसवलेला. सरपंचानं आधीच बजावलं होतं, शूटिंग बिघडवायचं नाही. मी ओरडले तर डायरेक्टर खूश व्हायचा. रडले तर आणखी खूश. तिथं माझा खरा आवाज कुठं होता? शेजारची काकी पुटपुटली, "होऊ दे वो पोरी. सांजपर्यंतचंच काम आहे."

मग डायरेक्टर म्हणाला, "ताई, आता पडल्यावर हात जोडायचे. दया मागायची."

"माझ्या मायनं हात जोडले नोयते."

"अहो, प्रेक्षकांना रडू यायला हवं ना!"

मायनं त्या दिवशी खुर्चीचा पाय धरला होता. बोटं रक्ताळली, पण सोडला नव्हता. मी पाहिलं आहे.

त्यानं पुन्हा केसाला हात घातला. मी त्याचं मनगट धरलं आणि नखं रुतवली. तो कळवळला.

"हात काढ," मी म्हटलं. "तुया बापाचं राज्य गेलं."

डायरेक्टरनं कॅमेरा बंद करायला सांगितलं. मी दोर ओलांडून निघाले. माझ्यामागं कोणीच आलं नाही. मोहल्ला बसूनच राहिला.

त्यांनी दुसरी बाई आणली. सिनेमा टीव्हीवर लागला. त्यात माय हात जोडून रडते. गावानं डोळे पुसले. माझी पोरगी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, आजी एवढी भेत होती?"

तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. मायला दुसऱ्यांदा ओढलं होतं. या वेळी ओढणारे तिला हार घालणारे होते.

मायला ओढलं त्या दिवशी ग्रामसभेत बसलेली माणसं अजून जिवंत आहेत. काकी आहे. तिला ओढणारा मालगुजाराचा तो पोरगाही आहे, म्हातारा झालाय. येत्या ग्रामसभेत मी उभी राहणार. एकेकाचं नाव घेऊन विचारणार, हात जोडले होते का? मान खाली घालून चालणार नाही. तोंडानं सांगावं लागेल. सांगेपर्यंत मी दारातून हटणार नाही.