मोठीमायची डावी बाजू

मोठीमायचे डोळे एका जागी ठरत नसत. तुम्ही समोर उभे राहून बोलत असलात तरी तिची नजर आधी सर्रकन डावीकडे जायची, भिंत, खांब, कुंपण असं काहीतरी गाठायची आणि मग परत येऊन तुमच्यावर टेकायची. टेकते न टेकते तोच पुन्हा पळायची. नव्या माणसाला वाटे, बाईला कसला तरी संशय आहे. मला मात्र त्या डोळ्यांचा अभिमान होता, कारण त्यांना पळायला शिकवण्यात माझाही हात होता.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. लाखनीजवळच्या आमच्या गावात लग्न कोणाकडेही असो, पंगतीतली पहिली बादली तिच्याच हातात. सरपंचाच्या पानावर जेवढी बुंदी, तेवढीच गुराख्याच्या. "पंगतीत डावं-उजवं करणारीच्या हाताले चव नसते," असं ती म्हणायची. आणि बादली खाली ठेवण्याआधी मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "कोणी राह्यलं नाही ना?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. धानाची कापणी आटोपली आणि मोठीमाय अंगणात कोसळली. नागपूरच्या दवाखान्यातून परतली ती स्वतःच्या पायांनी चालत, बोलत, भांडत. आम्ही म्हटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी जेवताना ती माझ्यावर कडाडली, "काहून वं, मले लोणचं काहून नाही वाढलं?" लोणचं ताटातच होतं, डाव्या बाजूला, जिथं ते नेहमी असतं. मी ताट फिरवलं तसं ते तिला दिसलं, आणि मी खो खो हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

नागपूरच्या डॉक्टरांनी काकांना सगळं समजावून सांगितलं होतं. डोळे शाबूत होते. मेंदूला मार बसला होता. डावा डोळा मिटा की उजवा, जगाची डावी बाजू तिला दिसणार नव्हती. गेलेलं परत येणार नव्हतं, पण डोळ्यांना सवय लावता येणार होती : डावीकडची कड सापडेपर्यंत नजर न्यायची, मगच उजवीकडे यायचं. मोठीमायनं हे एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. "मी काय आंधळी आहो का?" एवढंच तिचं उत्तर.

मग शेजारच्या सुभद्राकाकूंच्या भाच्याचं लग्न आलं. काकूंचा आणि मोठीमायचा अबोला बारा वर्षांचा, नुकताच कुठे सुटलेला. मोठीमायनं नेहमीसारखी बुंदीची बादली उचलली आणि तिला दिसलं त्या पहिल्या पानापासून वाढायला सुरुवात केली. तिच्या डावीकडे आणखी एक पान होतं. त्यावर सुभद्राकाकू बसल्या होत्या. शेवटी मोठीमायनं विचारलं, "कोणी राह्यलं नाही ना?" आणि काकू पानावरून उठल्या. "माह्याच मांडवात मले डावललं! पाहा, सारे पाहा!" मोठीमाय आवाजाच्या दिशेनं वळली तेव्हा तिला ते कोरडं पान दिसलं. तिनं बादली तिथंच ठेवली आणि घरी निघून आली. खरं कारण सांगायला मी धावले, पण लोकांना ती सबब वाटली.

मी तेव्हा डी.एड. करून नोकरीच्या ऑर्डरची वाट पाहत होते, आणि नुसतं बसणं मला जन्मात जमलेलं नाही. दोन दिवसांनी मोठीमाय माझ्यापुढे येऊन म्हणाली, "पोरी, मले शिकव. आता लोक म्हणतीन, बुढीच्या मनात पाप आहे." मी जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून प्रत्येक दाराच्या डाव्या चौकटीला ठोकला. लाल दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पोथी वाचताना तिला ओळीचं तोंडच सापडेना, म्हणून पानाच्या डाव्या कडेला आगकाडी ठेवली. अंगणात वाट्या मांडून मी म्हणे, "शोधून आण." सुरुवातीला ती मान गरगरा फिरवायची आणि चक्कर येऊन खाली बसायची. मग मान कमी, डोळे जास्त, असं हळूहळू जमू लागलं. आम्ही दोघी तापट. एखादी वाटी चुकली की ती ओरडे, "तूच हलवून राहिली वाट्या!" कधीकधी मी खरंच हलवत असे.

पुढच्या लग्नसराईत मोठीमायनं पुन्हा बादली उचलली तेव्हा मांडवातल्या माना वळल्या. सुभद्राकाकू मुद्दाम डाव्या टोकाला जाऊन बसल्या होत्या, जवळजवळ मांडवाबाहेर. मोठीमाय पंगतीसमोर उभी राहिली. तिची नजर डावीकडे निघाली, काकूंना ओलांडून पार खांबाला भिडली आणि परत आली. "सुभद्रे," ती म्हणाली, "खांबामागं बसली असती तरी सापडली असती तू." बुंदीची पहिली मूठ काकूंच्या पानावर पडली. काकूंनी पान चाटूनपुसून स्वच्छ केलं.

पुढे माझी ऑर्डर आली, साकोलीकडे शाळा मिळाली, वर्षं गेली. मोठीमायनं अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा मी मिळेल त्या ट्रकनं गाव गाठलं. खाट डावीकडच्या भिंतीला लावलेली होती आणि सगळे उजवीकडे बसले होते, तिला दिसावेत म्हणून. आणि ती? तिचे डोळे पुन्हा पुन्हा डावीकडे जात, भिंतीला थडकत, परत येत, पुन्हा जात. सगळे म्हणाले, भ्रम झाला आहे. मला संताप आला. मी खाट भिंतीपासून ओढली आणि त्या फटीत शिरून बसले.

डोळे डावीकडे आले आणि माझ्यावर थांबले.

"कोणी राह्यलं नाही ना?" तिनं विचारलं.

"मीच तेवढी राहिली होती वं, मोठीमाय," मी म्हटलं. "आली."

मग ते डोळे कुठे गेले नाहीत.