धुरक्याच्या दिवसांतली लढाई

लेक शिकायला पुण्याला गेली तेव्हा नवा लॅपटॉप घेऊन गेली आणि तिचा जुना कॉम्प्युटर सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिला. शाळेत असताना ती त्यावर एक बंदुकांचा गेम खेळायची. मी फक्त आठवड्यातून एकदा त्याच्यावरची धूळ पुसायची.

नोव्हेंबरात दिल्लीची हवा इतकी बिघडली की निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं. मी एका मंत्रालयात अनुवादक आहे. इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करते. आवाज चढवायची वेळ माझ्यावर कधी येत नाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लेकीचा फोन आला.

"आई, काय करतेयस?"

"खिडकीशी उभी आहे. समोरचा ब्लॉक दिसत नाहीये."

"बोअर होतेयस ना? चल, माझा कॉम्प्युटर लाव. गेम खेळू."

मी नाहीच म्हणणार होते. पण गेले तीन महिने आमचे फोन 'जेवलीस का', 'हो', 'बरं' एवढ्यावर आले होते. आज ती आपणहून काहीतरी मागत होती. मी हेडफोन चढवले.

गेम अगदी साधा. गोष्ट नाही, नटणंमुरडणं नाही, जादूच्या तलवारी नाहीत. एक पडकी फॅक्टरी, इकडे पाच सैनिक, म्हणजे मी, लेक आणि ऑनलाइन आलेले तीन अनोळखी, तिकडे पाच. हातात रायफल, कमरेला पिस्तूल, खिशात एक ग्रेनेड. दोन गोळ्या लागल्या की संपलात. मग राउंड संपेपर्यंत बाकीच्यांची धावपळ बघत बसायचं. राउंड दोन मिनिटांचा, आणि दहा राउंड आधी जिंकेल त्याची मॅच.

पहिल्या राउंडमध्ये मी माउस हलवला आणि पडद्यावर नुसता निळा रंग आला.

"आई, तू आकाशाकडे का बघतेयस?"

"मला काय माहीत! खाली कसं बघायचं?"

तेवढ्यात मला गोळी लागली. दुसऱ्या राउंडला मी भिंतीत चालत राहिले. तिसऱ्याला लेक ओरडली, "आई, सीढीच्या खाली बघ!" मी म्हटलं, "सीढी नाही गं, जिना," आणि त्या 'जिना'च्या 'ना'वर जिन्याखालच्या माणसानं मला उडवलं. पलीकडे पुण्यात ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मग मलाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी काढत आम्ही तो अख्खा राउंड मेलेल्या अवस्थेत हसत बसलो.

दुसऱ्या दिवशी बरोबर एक वाजता मीच तिला फोन केला.

आठवडाभरात मी माणसात आले. म्हणजे आकाश सुटलं, भिंती सुटल्या, आणि एका दुपारी कोपऱ्यावरून एक जण धावत आला तर मी डोळे मिटून बटण दाबलं आणि तो पडला. आपण काय ओरडतोय याचं भान मला राहिलं नाही.

शेजारच्या खोलीत नवऱ्याची ऑनलाइन मीटिंग चालू होती. संध्याकाळी तो चहा घेत शांतपणे म्हणाला, "तू 'डोक्यात घाल त्याच्या' म्हणालीस ना, तेव्हा माझा माइक चालू होता. साहेबांनी विचारलं, घर पे सब ठीक है ना?"

"मग?"

"मी म्हटलं, मिसेस अनुवाद कर रही हैं, सर."

पुढच्या सोमवारी मी "मार दिया! पीछे से मार दिया मुझे!" असं ओरडले आणि मिनिटभरात दाराची बेल वाजली, थांबेचना. दार उघडलं तर वरच्या मजल्यावरच्या बाईंचे वडील उभे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे, गढवालकडचे. तोंडाला मास्क आणि हातात उगारलेली काठी.

"बेटी, कौन मार रहा है?"

हेडफोन गळ्यात तसेच, निघालेली वायर लोंबतेय, अशा अवतारात मी ओशाळून पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी काठी खाली घेतली, चष्मा बदलला आणि खुर्ची ओढून बसले. दोन राउंड बघितले. मग म्हणाले, "ये सब भाग क्यों रहे हैं?"

"गेम ही ऐसा है, अंकल."

"इसीलिए मर रहे हैं."

मी त्यांना माझी खुर्ची दिली. खऱ्या फौजी माणसाचा हात काय असतो ते बघावं म्हटलं. त्यांनी गंभीरपणे माउस धरला, दोन पावलं चालले आणि ग्रेनेड स्वतःच्याच पायाशी टाकला. शत्रू यायच्या आत आमचे तीन जण गेले, त्यात माझी लेक.

"आई! हे काय केलंस?"

"मी नाही गं, सुभेदार अंकल!"

सुभेदार टेबलावर हात आपटून हसत होते. "इतने साल नौकरी में ये कभी नहीं किया," एवढंच कसंबसं बोलले. दुसऱ्या दिवशी पावणेएकलाच आले, शेंगा घेऊन. आपण खेळायचं नाही, माझ्या मागं बसून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या शुक्रवारची मॅच मला आजही राउंडनिशी पाठ आहे. नऊ-नऊ झाले होते. शेवटच्या राउंडमध्ये आमचे चौघे पहिल्या अर्ध्या मिनिटातच गेले. लेकही गेली. मेल्यावर तिला माझा पडदा दिसत होता. समोर तिघे, इकडे मी एकटी, जिन्याखाली.

"बैठ जाओ," सुभेदार कुजबुजले. "हिलना मत. उन्हें आने दो."

मी बसले. माझं हृदय हेडफोनमध्ये ऐकू येत होतं. पावलं वाजली.

"आई, डावीकडून!"

"डावीकडे म्हणजे कुठे? तू नेहमी उलट सांगतेस!"

"अगं, जेवायच्या हाताची नाही ती बाजू!"

मी वळले आणि झाडली. एक गेला. मग नव्या गोळ्या भरायला गेले तर घाईत भलतंच बटण दाबलं गेलं. हातात ग्रेनेड आला, मी घाबरून तो सोडला, तो भिंतीवर आपटून जिन्याच्या वर उडाला. वर कुणी आहे याची मला कल्पनाही नव्हती. तिथं दुसरा होता. तो गेला.

"आई!!" लेक किंचाळली.

"गोलियाँ भरो," सुभेदार म्हणाले. "अब आखिरी वाला सोचेगा."

तो खरंच विचार करत होता. पावलं आली आणि थांबली. घड्याळात वीस सेकंद. पुण्यात लेकीनं श्वास धरलेला, इथं सुभेदारांनी हात वर धरलेला. "अभी नहीं... अभी नहीं..." आणि नेमका स्वयंपाकघरात कुकर शिट्टी द्यायला लागला. मला काही ऐकू येईना. सुभेदारांचा हात खाली आला. कोपऱ्यावर एक खांदा दिसला आणि मी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या झाडल्या. भिंत, खांब, जिना, आणि शेवटच्या दोन त्याला.

जिंकलो.

मी खुर्चीवरून उठले तेव्हा हेडफोनची वायर ताणून निघाली. लेकीचा आवाज आता स्पीकरमधून घरभर, "आई, आई, आई!" टीममधलं कुणीतरी अनोळखी म्हणालं, "आंटी, आप तो खतरनाक हो, यार!" सुभेदारांनी मला कडक सलाम ठोकला. मीही ठोकला, उलट्या हातानं. मग आम्ही दोघं टाळ्या वाजवत खोलीत गोल फिरलो. वर कोट, खाली पायजमा अशा वेषात नवरा मीटिंगमधून धावत बाहेर आला.

"काय झालं?"

"जिंकलो!"

"कोण?"

त्याला सांगायला कुणालाच फुरसत नव्हती. तो शेंगा सोलत उभा राहिला, आणि थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "यात अजून एक जण चालतो का?"

लेक म्हणाली, "चला, अजून एक मॅच!" ती आम्ही दहा-शून्य हरलो. प्रत्येक राउंडला सगळ्यात आधी मीच मरत होते, कारण हसण्यामुळे माझा माउस एका जागी राहतच नव्हता.